खरं रीडिंग

परीक्षा जवळ आली की आमच्या घाटकोपर-मुलुंडकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत जर्नल पुरं करण्याची धांदल उडते. मुलगा मीटरचा काटा पाहतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि आपला आकडा खोडून त्याचा लिहितो. आलेख सरळ येतो, सही मिळते.

त्या मुलांतलाच एखादा एक दिवस खाली मान घालून सांगतो, "सर, चष्म्यामुळे सैन्याच्या मेडिकलला अडकलो. देशासाठी काही करायचं राहूनच गेलं."

राहून जात नाही, बाळा. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने डॉकयार्ड रोडला उतर. तिथे माझगाव डॉक आहे. 15 जानेवारी 2025 रोजी 'सुरत' आणि 'निलगिरी' या युद्धनौका आणि 'वाघशीर' ही पाणबुडी मुंबईत एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही बांधल्या त्या माझगाव डॉकने. त्या बांधणारे वेल्डर, फिटर, इंजिनीअर साध्या कपड्यांत, खांद्याला डब्याची पिशवी अडकवून लोकलने घरी जातात. डब्यात तुझ्या शेजारी कोण उभं आहे, हे तुला कळतही नाही.

वाटाही एक नाही, अनेक आहेत. आयटीआय झालेल्याला अप्रेंटिसशिप आहे. इंजिनीअरला 'गेट'च्या गुणांवर डीआरडीओत शास्त्रज्ञ होता येतं. रसायनशास्त्राची आवड असेल तर अंबरनाथला नौदलासाठी पदार्थसंशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून तिथे इंधन-घटांवर काम झालं आहे. हिशेबात गती असलेल्याला यूपीएससीतून संरक्षण लेखा सेवेत जाता येतं.

पण या सगळ्या वाटांची तयारी क्लासच्या नोट्सवर होत नाही. ती त्या जर्नलपाशी सुरू होते.

पाणबुडीचंच बघ. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 300 मीटरवर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे 30 किलोंचा भार येतो. पाणबुडीच्या पोलादी कवचाचा प्रत्येक सांधा तो भार पेलतो. म्हणून तो सांधा क्ष-किरणांनी, ध्वनिलहरींनी तपासतात आणि कोणीतरी एक माणूस त्याचं रीडिंग लिहितो. आत उतरणारे खलाशी त्या माणसाला ओळखत नाहीत, पण त्याच्या अक्षरावर विसंबून खोल पाण्यात जातात. तिथे आकडा जुळवून लिहिला, तर त्याची किंमत ते मोजतात.

हा प्रामाणिकपणा नोकरीच्या पहिल्या दिवशी अंगात येत नाही. विसाव्या वर्षी, कोणी पाहत नसताना, त्याची सवय लागावी लागते. आणि ती लावणं आम्हा शिक्षकांच्या हाती आहे. सरळ आलेखावर डोळे मिटून सही करण्याऐवजी वाकड्या आलेखाशी थांबून "असं का आलं असेल?" एवढं विचारायला हवं.

उद्या प्रयोगात काटा 4.7 वर थांबला आणि पुस्तकात 5 असलं, तर तू 4.7 च लिही. त्याचं कारण आपण दोघं मिळून शोधू.