काचेवरचा श्वास

घाई नाही. आहात तिथेच पाठ टेका आणि मनाने सिॲटलच्या बॅलर्ड भागात या. गोदामं, वर्कशॉप, रात्री इथे फारसं कुणी नसतं, म्हणूनच तुमची व्हॅन इथे उभी आहे. पाऊस रिपरिपतोय.

जेवण, दात घासणं दुसरीकडेच उरकून आलात. झोपायच्या जागी फक्त झोपायचं. उशिरा यायचं, दार एकदाच लावायचं, उजाडायच्या आत निघायचं. रस्ता उताराचा आहे; उशी चढाकडे घ्या. इंजिन बंद. कितीही थंडी वाजली तरी बंदच, कारण चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड झोपेतून उठू देत नाही.

आता श्वासाकडे या. ध्यानाला बसलं की पहिल्यांदा हेच सांगतात. इथे मात्र श्वास बाहेर पडतो आणि काचेवर जाऊन बसतो. रांगेतल्या कुठल्या गाडीत माणूस आहे, ते ही धुरकट काच सांगून टाकते. दिवा लावला नाहीत, खोकला दाबलात; श्वास कुठे दाबणार? काच बोटभर खाली करा. थोडा पाऊस आत येईल. येऊ द्या.

पावलं वाजतात. नुसती ऐका. गेली? खांदे किती वर चढले होते, ते बघा. सैल सोडा. पुन्हा चढतील.

घराच्या दारावर थाप पडली की आपण आतून विचारतो, कोण आहे? गाडीवर पडली की तोच प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. या फरकापाशी जरा थांबा. आपल्याकडे पालांवर राहणाऱ्या जमातींनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या याच प्रश्नाला उत्तरं दिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशयी नजर गेली असं म्हणवत नाही.

याच सिॲटल शहरात २०१६ मध्ये ट्रकमध्ये राहणारा एक कारागीर रात्री स्टेडियमच्या सफाईकामावर गेला असताना त्याचा ट्रक ओढून नेला. हत्यारं आतच. सुमारे ५४७ डॉलरची वसुलीही लागली. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ट्रक त्याचं घर मानला आणि ती वसुली अवाजवी ठरवली. ज्या ७२ तासांच्या नियमाखाली ट्रक नेला, तो मात्र राहिला: दोन चौकांमधल्या त्याच पट्ट्यात गाडी त्याहून जास्त वेळ उभी करायची नाही.

तेव्हा आता तुमचं खरं घर डोळ्यांपुढे आणा. औषधांचा डबा, दुधाचं पातेलं, उशाशी ठेवलेला चष्मा. तीन दिवस झाले, हे सगळं पुढच्या रस्त्यावर न्यायचंय. कुठला निवडाल? सपाट असलेला, की समोर कुणाची खिडकी नसलेला? दोन्ही एका ठिकाणी सहसा मिळत नाही.