खिडकीतला पाय

अग्निवर्ण राजा रयतेला दर्शनच देत नसे. अंतःपुरातून त्याचा पाय निघेना. मंत्र्यांनी फारच गळ घातली, तेव्हा त्याने राजवाड्याच्या खिडकीतून खरोखरच एक पाय बाहेर सोडला आणि खाली जमलेल्या लोकांनी त्या पायालाच नमस्कार केला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तला हा एकोणिसावा, शेवटचा सर्ग. त्याच्या आधीच्या सर्गात याच अग्निवर्णाचा बाप सुदर्शन सहाव्या वर्षी गादीवर बसतो. त्याचे पाय सोन्याच्या पादपीठापर्यंत पोचत नाहीत, अधांतरी लोंबतात आणि मोठमोठे राजे त्यांवर मुकुट टेकवतात. त्या पोराचे पाय पुढे जमिनीला लागले. त्याच्या मुलाचे कधी लागलेच नाहीत. तो क्षयाने गेला आणि मंत्र्यांनी राजवाड्याच्या बागेतच गुपचूप त्याला अग्नी दिला.

काव्य इथे संपते म्हणून ते अपुरे राहिले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. मला तसे वाटत नाही. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी कालिदासाला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात ठेवले आणि विदर्भातल्या वाकाटकांच्या दरबाराशीही त्याचा संबंध जोडला. राजांच्या सावलीत वावरणाऱ्या कवीने एका थोर कुळाची गोष्ट अशा शेवटापर्यंत नेली, यात मला त्याचे धैर्य दिसते. गादी वारशाने मिळते, जबाबदारीची जाणीव प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते, हे तो पिढ्यामागून पिढ्या दाखवत जातो.

पाचव्या सर्गातला रघू आपल्याला आठवतो तो दानासाठी. विश्वजित यज्ञात सर्वस्व दिलेला हा राजा गुरुदक्षिणेसाठी धन मागायला दारी आलेल्या कौत्साला मातीच्या भांड्यातून अर्घ्य देतो. चौदा कोटींची गुरुदक्षिणा, कुबेराने रात्रीत पाडलेले सोने, हे सगळे प्रसिद्धच आहे. पण मला त्या दानापेक्षा रघूने आधी केलेली विचारपूस मोठी वाटते. आश्रमातल्या झाडांना वाऱ्यावादळाचा त्रास नाही ना, हरिणींची पाडसे सुखरूप आहेत ना, तुमचे रानधान्य गावची गुरे फस्त करत नाहीत ना, असे तो विचारतो. आपल्या राज्याच्या पार टोकाला काय चालले आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही, याची त्याला जाण आहे.

मग राम? तो तर लोकांचे ऐकतो. भद्र नावाचा हेर आढेवेढे घेत नगरातली सीतेविषयीची कुजबुज त्याच्या कानावर घालतो. सीता निर्दोष आहे हे रामाला ठाऊक आहे, तसे तो बोलूनही दाखवतो. तरी तिला सोडण्याचा निर्णय घेतो आणि भावांना बजावतो की, दया येऊन मला अडवू नका. चौदाव्या सर्गातली ही मनाई मला सगळ्यात भयंकर वाटते. ज्यांना विचारायचे त्यांची तोंडे बंद आणि जिच्याविषयी ठरवायचे तिला तपोवन पाहायला नेतो म्हणून रथात बसवलेले. अग्निवर्ण कोणाचेच ऐकत नव्हता. रामाने साऱ्या नगराचे ऐकले, पण सीतेला म्हणणे मांडू दिले नाही. सत्तेच्या जबाबदारीचा विचार करताना आपण अग्निवर्णाला नावे ठेवून मोकळे होतो, कारण ते सोपे असते. चांगला, कर्तव्यदक्ष माणूस जनमताच्या नावाने अन्याय करतो, तेव्हा त्याला जाब विचारणे अवघड.

कालिदास तो जाब विचारतो. गंगेपलीकडे लक्ष्मणाने सत्य सांगितल्यावर सीता निरोप पाठवते, तो नवऱ्याला नाही, ‘राजा’ला. तुझ्या डोळ्यांदेखत मी अग्नीतून पार पडले, मग हे तुझ्या कुळाला शोभले का, असा तिचा सवाल आहे. तिला आश्रय देणारे वाल्मीकी रामाचे सगळे गुण मान्य करून सांगतात की, या कृत्याचा मला राग आहे.

पुढे तेच वाल्मीकी सीतेला परत घे म्हणतात, तेव्हाही राम म्हणतो, माझा विश्वास आहे, प्रजेचा बसायला हवा. सीता भर सभेत धरणीच्या पोटात जाते. मग राम पृथ्वीवर संतापून धनुष्य उचलतो आणि गुरूंना त्याला शांत करावे लागते. ज्याने भावांना एक शब्द बोलू दिला नाही, तो आता धरणीकडे आपली बायको परत मागतो आहे.