देणाऱ्याची लाज

जून उजाडला की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी इथल्या शाळांची आणि मंडळांची सभागृहे रविवारी गावांच्या नावाने भरू लागतात. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची मुंबईकर ग्रामस्थ मंडळे दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतात, वह्या वाटतात आणि अडलेल्या मुलांची फी भरतात. हा पैसा पावतीपुस्तकातून येतो. कुणी पन्नास रुपये दिलेले असतात, कुणी पाच हजार. एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराने आई-वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीचे व्याजही त्यात असते. नोंदणीकृत मंडळे बहुधा 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली येतात आणि 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. त्यांचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात.

कामाच्या मोलाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. विचार करायला हवा तो व्यासपीठावरच्या एका क्षणाचा. ‘गरीब व होतकरू’ अशी ओळख करून देत मुलीचे नाव पुकारले जाते. ती पुढे येते, पाकीट हातात घेते आणि छायाचित्र निघेपर्यंत तिला ते धरून उभे राहावे लागते. पाकिटाचे दुसरे टोक देणाऱ्याच्या हातात असते. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आणि तिची नजर खाली.

लाज नेमकी कुणाला वाटायला हवी, या प्रश्नावर आपल्या परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. दान श्रद्धेने दे, असे ते सांगतात आणि लाज बाळगून, भय बाळगून दे, असेही सांगतात. लाज इथे देणाऱ्याच्या वाट्याला आली आहे. घेणाऱ्याने लाजावे, असे आचार्य कुठेच म्हणत नाहीत. शिवाय हा उपदेश नुकतेच शिक्षण पूर्ण झालेल्या तरुणाला आहे. जो शिकला त्याच्यावर देण्याची जबाबदारी आली, असा हा सरळ हिशेब.

गीतेच्या सतराव्या अध्यायाची कसोटी आणखी कडक आहे. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. मोबदल्याच्या आशेने किंवा जिवावर येऊन दिलेले राजस. आणि अवमान करून दिलेले तामस. मग आपल्याच गावच्या मुलाला मदत करून ‘उद्या तो मंडळाचा सभासद होईल’ असे मनात धरणारा ग्रामस्थ कुठे बसतो?

इथे ऋणाची जुनी कल्पना उपयोगी पडते. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो आणि ऋषिऋण विद्येनेच फिटते, असे वैदिक परंपरा मानते. गावचा मुलगा पहिल्यांदा मुंबईत आला तेव्हा गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकायला त्याला जागा मिळाली आणि कुणीतरी नोकरीसाठी शब्द टाकला. त्याने पुढे दिलेली वर्गणी मग परतफेडच ठरते. देणे चुकवायला आलेला माणूस घेणाऱ्याला मान खाली घालून उभा करत नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी हे ऋण ओळखले होते. एल्फिन्स्टन कॉलेजमधून 1884 साली पदवी घेऊन मुंबईत शिकवण्या करणाऱ्या या तरुणाने सहकाऱ्यांबरोबर आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या भल्यासाठी मुरूडकरांनीच पैसे काढायचे, ही त्यामागची कल्पना. आजच्या उपनगरांतल्या ग्रामस्थ मंडळांचा हा एक पूर्वज म्हणता येईल. पुढे 1893 साली कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाकडून उपकाराची फेड तर सोडाच, अपमान मिळाला. तरी 1936 साली, वयाच्या 78व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. गीतेच्या कसोटीला इतकी पुरी उतरलेली उदाहरणे थोडी असतील.

कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला लागले. आईचे नाव दगडावर कोरणे आणि एखाद्या मुलीची गरिबी फलकावर लिहिणे यांत अंतर आहे. पहिल्यात कुणाचेही काही जात नाही.

‘आपले गाव’ म्हणताना त्यात कोण मोजले जाते, हाही प्रश्न आहेच. मुरूडच्याच रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर. करारानुसार नोकरीसाठी 1917 साली ते बडोद्यात आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शिक्षणाला पैसा पुरवणारा राजा होता. शिकलेल्याला शेजारी मानणारा समाज नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या संकुचितपणावर कठोर प्रहार केला, त्यामागे असा अनुभव होता.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता आला नाही. अहमदाबादच्या एका जातिसंस्थेच्या खटल्यात 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने जनतेच्या एका विभागापुरते कार्यही धर्मादाय ठरू शकते, असे मानले. पण 1961च्या आयकर कायद्याने तो कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेल्या आणि एकाच धर्माच्या वा जातीच्या भल्यासाठी चालणाऱ्या धर्मादाय न्यासांना करसवलत नाकारली. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांचा अपवाद ठेवला. गाव ही जात नव्हे, म्हणून ग्रामस्थांचा न्यास या बंधनाबाहेर राहतो. मात्र प्रत्यक्षात मंडळ एकाच वाडीचे असेल आणि गावाबाहेरच्या वस्तीतली मुले यादीत कधीच येत नसतील, तर कागदावरचे गाव आणि देणाऱ्याच्या मनातले गाव वेगळे आहे. ते तपासण्याचे काम धर्मादाय आयुक्तांचे नाही, मंडळाच्या सभासदांचे आहे.

गुणगौरव व्यासपीठावरच व्हावा. मिळवलेले गुण मुलाचे स्वतःचे असतात आणि टाळ्यांवर त्याचा हक्क आहे. फीची मदत मात्र थेट शाळा-कॉलेजच्या खात्यावर जावी. अर्ज वाचणाऱ्या समितीत गावातल्या प्रत्येक वाडीचा माणूस असावा. अर्जातला घरच्या परिस्थितीचा रकाना समितीबाहेर कुणी वाचू नये. वार्षिक सभेत किती मुलांना किती रक्कम दिली एवढेच सांगावे, कोणत्या मुलांना ते सांगू नये. हिशेब तेवढ्यानेही चोख राहतो.