ऋण कोणाचे फेडावे?

ज्याने उपकार केला त्यालाच तो फेडावा, हा व्यवहाराचा सरळ नियम. पण प्रत्येक ऋण असे फिटते काय?

माझी मोटारसायकल जुनी जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९७३ पासून आपल्या गाड्यांना येझ्दी हे नाव दिले. १९९६ साली तो कारखानाच बंद पडला. जावाची गंमत अशी, की किक आणि गिअर यांना एकच दांडी. माझ्या गाडीच्या त्या दांडीचे दाते झिजले आणि गाडी अंगणात उभी राहिली. स्वारगेटच्या एका गॅरेजात भेटलेल्या, जावाच चालवणाऱ्या एका अपरिचित गृहस्थांनी आपल्या संग्रहातली दांडी मला दिली. पैसे पुढे करताच ते म्हणाले, "मलाही ती कोणी अशीच दिली होती. तुमच्याकडे काही जास्तीचे निघाले, तर अडलेल्याला द्या."

आपल्या पूर्वजांच्या पितृऋणाचे मर्म हेच नव्हे काय? वडिलांचे ऋण वडिलांना फेडता येत नाही. ते पुढच्या पिढीच्या हाती फेडायचे असते.

जुन्या सुट्या भागांना आज चांगला भाव येतो आणि ते विकणे हे काही पाप नव्हे. मात्र विक्रीने हिशेब मिटतो. देण्याने तो उघडा राहतो, आणि उघड्या हिशेबातच माणसे एकमेकांची राहतात. परवा माझ्याकडचा जास्तीचा कार्बोरेटर एका विद्यार्थ्याला दिला. त्याला दुसरीकडून चांगली किंमत येत होती. मोह झाला, नाही असे नाही. पण ती वस्तू आता माझ्या एकट्याची कुठे होती?