पाचवं पाकीट

गेल्या रविवारी संध्याकाळी भिंगारच्या आमच्या गल्लीत एका घरी अर्थसंकल्प मांडला गेला. सभागृह म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली खोली. कागद म्हणजे धाकट्याच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान. विषय एकच, सिंगापूरला वरखर्चाला किती पैसे न्यायचे?

घर तुमच्याआमच्यासारखं. वडील नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला, आई शिक्षिका, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत आणि आजी. अडीच वर्षं भिशी लावली, जोडीला बँकेत आरडी चालवली आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या पाच रात्रींच्या सहलीचे पैसे भरून टाकले. विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजचं तिकीट, सगळं त्यात आलं. आजींचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्या घरीच राहणार. बिलातला टीसीएस या कराचा आकडा बघून वडील आधी दचकले होते. ती रक्कम आयकराचं विवरणपत्र भरताना वळती होते हे कळल्यावर त्यांचा जीव खाली पडला. राहिला प्रश्न हातखर्चीचा. मला बोलावणं होतं चहाचं, पण चहा बाजूला राहिला आणि मी पंच झालो.

"तिथं गेल्यावर बघू की," वडील म्हणाले. "एवढे लाख घातले, आता आइस्क्रीमचे पैसे काय मोजत बसायचे?"

"अहो, तिथं गेल्यावर बघू म्हणजे दुकानाच्या दारात पोरांवर ओरडू," आई म्हणाल्या.

मी मनातल्या मनात आईंच्या बाजूनं कौल दिला. सहलीत भांडणं होतात ती लाखांवरून नव्हे, शेदोनशेंवरून. मोठी रक्कम भरताना आपण डोळे मिटून घेतो आणि त्याची वसुली मग छोट्या रकमेवर डोळे वटारून करतो. काही लाखांच्या सहलीत मुलाच्या लक्षात राहतं ते नाकारलेलं आइस्क्रीम आणि बापाचा चढलेला आवाज.

या दोषाचा एक जुना साक्षीदार आमच्या भिंगारमध्येच आहे. इथल्या आलमगीर परिसरात औरंगजेबाचा 1707 साली मृत्यू झाला. देह खुलताबादला नेला, पण जागेला नाव राहिलं. त्याच्या नावे जे मृत्युपत्र सांगितलं जातं, त्यात दोन रकमा आहेत. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांत वाटण्यासाठी. आण्यापर्यंत चोख हिशेब! पण याच माणसानं 1681 साली दक्षिणेत उतरल्यापासून पंचवीस वर्षं मराठ्यांशी अशी लढाई चालवली की भरलेला खजिना उपसला गेला आणि फौजेचे पगार थकले. कफनाचे आणे मोजले, मोहिमेचा खर्च कधी थांबवायचा हे मोजलं नाही. बादशहाचं सोडा, आपलंही असंच होतं. भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांवरून घासाघीस करणारे आपण, जाहिरातीत 'आता फिरा, नंतर भरा' असं वाचलं की हप्त्यांच्या कागदावर सही करून मोकळे होतो. हप्त्यावर केलेली सहल पाच दिवसांत संपते, हप्ता मात्र पुढच्या वर्षीच्या शाळेच्या फीसमोर येऊन उभा राहतो. या घरानं ते टाळलं होतं. म्हणून पंच होऊन तिथं बसायला मला बरं वाटलं.

वहीच्या पानावर आकडे पडू लागले. सोयीसाठी सिंगापूरचा एक डॉलर सत्तर रुपयांचा धरला. धाकट्याला त्याच्या बहिणीनं युक्ती सांगितली, "सातचा पाढा म्हणायचा आणि पुढं शून्य द्यायचं." तो लगेच सुरू झाला. एकूण हजार डॉलर न्यायचे ठरले, म्हणजे सत्तर हजार रुपये. दुपारची जेवणं आणि चहापाणी 350, मेट्रो-बस 100, भेटवस्तू 150, अडीअडचणीला 200 आणि खाऊखेळण्यांना 200.

युनिव्हर्सलच्या पार्कातल्या दुपारच्या जेवणाला आईंनी माणशी पंचवीस डॉलर धरले. चौघांचे सात हजार रुपये झाले तेव्हा आजींनी हातातली सुपारी खाली ठेवली. "सात हजारांत मी इथं महिन्याचा किराणा भरते गं." मग त्यावर उपाय निघाले. सिंगापुरात नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, तेव्हा बाटल्या घरून न्यायच्या आणि भरून घ्यायच्या. पार्कातला एक दिवस सोडला तर बाकीच्या दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवायचं. एका छपराखाली स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांची ही सिंगापुरी पद्धत. तिची नोंद 2020 साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. म्हणजे तिथं खाणं ही नुसती काटकसर नाही, तो देश बघणंही आहे.

मग पार्कातल्या एक्स्प्रेस पासचा विषय निघाला. जास्तीचे पैसे भरले की झुल्यांच्या लांब रांगेला बगल देता येते. गर्दी वाढेल तसा त्याचा दरही चढतो. वडिलांना तो हवा होता. मुलीनं विचारलं, "पप्पा, आपण पुढं गेलो तर मागचे लोक तेवढे जास्त वेळ उभे राहणार ना?" खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही.

प्रश्न परदेशातला वाटतो, पण तो घरचा आहे. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला सशुल्क दर्शनाचा पास मिळतो आणि आपल्यातल्या अनेकांनी तो कधी ना कधी घेतलेला आहे. म्हातारं माणूस बरोबर असेल, मूल आजारी असेल तर तो घेण्यात कमीपणा नाही. पण आपण नेमकं काय विकत घेतो ते मुलांना खरं सांगावं. आपण सोय घेत नाही, दुसऱ्याचा वेळ घेतो. घेतला तर मान खाली घालून घ्यावा, मिरवून नव्हे. या घरानं पासाऐवजी आठवड्यातला मधला दिवस निवडला आणि दार उघडायच्या आधी तिथं पोचायचं ठरवलं.

पार्कांची तिकिटंही पूर्वी वेगळी असत. अमेरिकेत 1955 साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट एका डॉलरचं होतं आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. लवकरच तिकिटांची पुस्तिका आली आणि पुढं त्यात ए पासून ई पर्यंत प्रती झाल्या. भारी खेळाला ई. पुस्तिका हातात असलेल्या पोराला ठरवावं लागे, ई तिकीट आत्ता फाडायचं की संध्याकाळसाठी ठेवायचं. 1982 साली ती पद्धत बंद झाली आणि एका तिकिटात सगळे खेळ आले. आपल्याकडे गोराईच्या एस्सेलवर्ल्डला शाळेच्या सहलीनं गेलेल्यांना ही एकाच तिकिटाची मजा आठवत असेल. सोय झाली खरी, पण पोरांच्या हातातली निवड गेली. आता ती उरली फक्त दुकानात. झुल्यातून उतरून बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते, हा काही योगायोग नाही. युनिव्हर्सलमध्ये 2025 च्या फेब्रुवारीत मिनियन्सचा स्वतंत्र भाग उघडला आहे. त्या पिवळ्या बाहुल्यांच्या ढिगासमोर आठ वर्षांचं पोर उभं राहील तेव्हा त्याच्याजवळ काय असेल? बापाचा कार्डवाला खिसा, की स्वतःची मोजलेली थैली?

थैलीवरून मला ज्यांचं नाव आता आपल्या जिल्ह्याला आहे त्या अहिल्यादेवी आठवल्या. जामखेड तालुक्यातल्या चोंडीची ही मुलगी. होळकरांच्या घरात पैशाच्या दोन थैल्या होत्या, दौलत आणि खासगी. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर करून दिली आणि पुढं ती अहिल्यादेवींकडे आली. काशीच्या विश्वेश्वराचं मंदिर, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा यांना पैसा लागला तो या खासगीतून, राज्याच्या तिजोरीतून नाही. यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला धडा असा की राज्याच्या पैशाला स्वतःच्या पुण्यासाठी हात लावू नये. पण त्याला दुसरी बाजूही आहे. घरातल्या बाईजवळ तिचे म्हणून पैसे असावेत आणि ते कशावर खर्चायचे हे तिनं कुणाला विचारू नये. मर्यादा आणि मोकळीक एकाच थैलीत होती.

मुलांच्या हातखर्चीला हाच नियम लावावा. रक्कम आईबापांनी ठरवावी, सगळ्यांसमोर ठरवावी. पण एकदा थैली हातात दिली की तिच्यात नाक खुपसू नये. पोरानं सगळे पैसे पहिल्याच दुकानात उडवले तर उडवू द्यावेत. उरलेल्या दिवसांत ते जे शिकेल ते आपल्या दहा व्याख्यानांनी शिकणार नाही. फक्त आपण एक करायचं. थैली संपल्यावर गुपचूप दुसरी काढायची नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा आजींनी त्यांची गोष्ट काढली. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं. लहानपणी मढीच्या यात्रेत वडिलांनी त्यांच्या हातावर चार आणे ठेवले. पाळण्यात बसावं, रेवडी घ्यावी की बांगड्या भराव्यात, काही ठरेना. पावली मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा गोल उमटला. दिवस मावळला आणि बैलगाडी जुंपली. आजींनी मोठ्या अभिमानानं पावली वडिलांना परत दिली. त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. वडील म्हणाले, "खर्चायला दिली होती, पोरी. परत आणलीस तर पुढच्या वर्षी देऊ कशी?"

"शाबासकी नाही मिळाली, पण दुसऱ्या वर्षी आठ आणे मिळाले," आजी हसून म्हणाल्या. "ते मात्र दुपारपर्यंत उडवले."

आपल्याकडे काटकसरीचं कौतुक इतकं आहे की खर्चायला दिलेला पैसा न खर्चणं हाच सद्गुण वाटू लागतो. तसा तो नाही. सहलीला गेलेला बाप तिथल्या प्रत्येक पाटीवर मनात सत्तरनं गुणाकार करत हिंडत असेल, तर तो सिंगापुरात नसतोच, भिंगारच्या किराणा दुकानात उभा असतो. गुणाकार घरीच करून टाकावा, वहीच्या शेवटच्या पानावर. तो इथं झाला की तिथं डॉलर म्हणजे डॉलर. हिशेब आधी केला तर तो मजेला वाट करून देतो, ऐनवेळी केला तर वाटेत आडवा येतो.

भेटवस्तूंच्या दीडशे डॉलरची यादी काढायला घेतली तेव्हा पहिली नावं आली ती साडूंची, साहेबांची आणि वरच्या मजल्यावरच्यांची. म्हणजे ज्यांनी आपल्याला दुबईहून चॉकलेटं आणली होती त्यांची. ही भेट नव्हे, फेड आहे. तीही करावी, व्यवहार सुटत नाही. पण यादीची सुरुवात उलट्या टोकानं करून बघावी. आपण नसताना कुंड्यांना पाणी घालणारा शेजारचा मुलगा, रोज येणाऱ्या धुण्याभांड्याच्या मावशी, आजींच्या औषधाला धावणारा रिक्षावाला. ज्यांच्याकडून परत काही येणार नाही त्यांची नावं आधी लिहिली की उरलेल्या पैशांत साहेबांचं चॉकलेट आपोआप लहान होतं.

शेवटी चार पाकिटं निघाली, लग्नाच्या आहेरातून जपून ठेवलेली. प्रत्येकी पन्नास डॉलर, आईबाबांचीसुद्धा. आईंनी त्यांवर नावं घातली. धाकटा पाकिटं मोजत होता. त्यानं विचारलं, "आजीचं कुठंय?"

"आजी येणार नाहीये ना रे," वडील म्हणाले.

"पण सुट्टी तर तिलाही आहे ना?"

आम्ही सगळे आजींकडे बघू लागलो आणि आजी सुपारीकडे. खरं तर त्या पाच दिवसांत कुलूप नसलेलं घर, सायंकाळचा दिवा, दूधवाला, तुळस, सगळं आजींच्या जिवावर राहणार होतं. सहलीच्या हिशेबात विमानापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं आलं होतं. ज्या माणसामुळे निर्धास्त जाता येणार होतं, तेवढं राहून गेलं होतं. लहान पोराला ते दिसलं, कारण ते नुसती पाकिटं मोजत नव्हतं, माणसं मोजत होतं.

आईंनी वहीतला आकडा खोडला. दोनशे डॉलरचे चार ऐवजी पाच भाग झाले, प्रत्येकी चाळीस. धाकट्याचं मिनियन दहा डॉलरनं लहान झालं. हे त्याला कळत होतं, आणि तरी तो गप्प राहिला. पाचव्या पाकिटात डॉलर नव्हते, रोख दोन हजार आठशे रुपये होते. अट एकच, सगळ्यांसारखीच. खर्चायचे, परत करायचे नाहीत आणि कशावर खर्चले ते कुणी विचारायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याही घरी असं पान निघेल. सिंगापूरचं असेल, खोपोलीच्या इमॅजिकाचं असेल, नाहीतर नुसत्या महाबळेश्वरचं. रक्कम तुमच्या ऐपतीची असू द्या, उसनी नको. मुलांना शेजारी बसवा. आणि पहिलं पाकीट, जो घरी राहणार आहे त्याच्या नावाचं करा.