चूल आणि चार ओळी

रविवारचा स्वयंपाक गेली काही वर्षं माझ्याकडे असतो. मागच्या रविवारी पातोडीरस्स्याचा बेत होता. बेसन कढईत घोटून झालं होतं. तेल लावलेल्या ताटात ते थापायचं आणि वरून सुकं खोबरं, खसखस नि सांबार भुरभुरायचा, एवढंच उरलं होतं. कोथिंबिरीला आमच्या यवतमाळकडे सांबार म्हणतात. जुना पेपर पसरून मी जुडी निवडायला बसलो. देठं बाजूला सारता सारता खाली चार ओळींची एक बातमी दिसली. एका शेतकऱ्याचं नाव, वय, गाव, तालुका. बँकेचं कर्ज, नापिकी. पश्चात पत्नी आणि दोन मुलं. पेपर तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्या दिवशी चहाबरोबर तो मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. ही बातमी वाचल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

आई शेजारी लसूण सोलत होती. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "त्याच्यावर नोको निवडू, बापा. माणूस हाय थो."

मी जुडी उचलली. तिनं तो कागद घडी करून देवळीत ठेवला आणि दुसरा पसरला. पातोड्या झाल्या, रस्सा झाला, घरचे सगळे पोटभर जेवले. मीही चवीनं जेवलो. हात धुताना मात्र देवळीतल्या त्या घडीकडे लक्ष गेलं आणि मनात आलं, ज्या जिल्ह्यात अशी बातमी येतच राहते, तिथं आपण चवीनं खावं का? सुटीच्या दिवशी बाहेर जेवायला जावं का? दुपारी कादंबरी घेऊन पडावं का?

यवतमाळात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते. त्या दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आपला जिल्हा होता. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा बाहेरून कॅमेरे आले, मोठे मथळे झाले. मग मथळे लहान होत होत चार ओळींवर आले. माणसं जायची थांबली होती म्हणून नव्हे. आपल्याला सवय झाली म्हणून.

अशा बातमीशी वागण्याच्या दोन रीती मी आजूबाजूला पाहतो आणि दोन्ही माझ्यातही आहेत. एक म्हणजे पान उलटायचं. 'रविवारी तरी नको.' दुसरी म्हणजे मनाला लावून घ्यायचं, घास कडू करून घ्यायचा आणि तेवढ्यावर आपलं कर्तव्य झालं असं समजायचं. पहिलीत आपण माणूस विसरतो. दुसरीत आपल्याला फक्त आपलं दुःख दिसतं. आपला घास कडू झाल्यानं त्या घरातली चूल पेटत नाही.

आईनं त्या संध्याकाळी तिच्या माहेरची रीत सांगितली. दारव्हा तालुक्यातलं लहानसं गाव. गावात कुणी गेलं की मढं उठेपर्यंत आळीतली एकही चूल पेटत नसे. लहान लेकरं भुकेनं रडली तर त्यांना गुळाचा खडा द्यायचा, पण तवा ठेवायचा नाही. आणि एकदा का माणसं स्मशानातून परतली की शेजारच्या घरातून त्या घरी बेसन-भाकर जायची. घरातली बाई खायला तयार नसे. मग कुणी तरी वडीलधारी तिच्याजवळ बसून, पाठीवरून हात फिरवत, दोन घास तिच्या तोंडात घालायची. आई म्हणाली, "दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिसऱ्या दिवशी तिसरं. तिच्या घरची चूल आपण होऊन पेटंपर्यंत."

या रीतीचे दोन भाग आहेत. आधी आपली चूल थांबवायची. मग आपल्या चुलीवरचं घेऊन त्या घरी जायचं. नुसतं थांबून भागत नसे आणि न थांबता गेलेलं त्या घराला पोचत नसे. वर्तमानपत्रानं आज सारा जिल्हा आपल्या आळीत आणून ठेवला आहे. इतक्या घरांसाठी रोज चूल बंद ठेवता येणार नाही, हे खरं. पण म्हणून दोन्ही भाग सोडून द्यायचे का?

येत्या गुरुवारी १९ मार्च आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूर इथं पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. राज्यात जाहीर झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्याला या गुरुवारी चाळीस वर्षं होतील. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनानं २०१७ पासून या दिवशी एक दिवसाच्या अन्नत्यागाचं आवाहन केलं आणि गावोगावची माणसं तो दिवस पाळू लागली. कमाल शेतजमीन धारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करावेत, अशी त्या आंदोलनाची मागणी आहे. तिच्याशी कुणाचे मतभेद असू शकतात. पण एक दिवस ताट बाजूला ठेवण्यासाठी मागणीपत्रावर सही करावी लागत नाही. आळीतल्या चुली थांबवण्याची ती जुनी रीतच आहे, फक्त आळी मोठी झाली आहे.

यंदा गुढीपाडवाही त्याच दिवशी आला आहे. बाजारात गाठ्या आल्या आहेत, श्रीखंडाच्या ऑर्डरी सुरू आहेत. आमच्या भागात पाडवा हा शेताचाही नवा दिवस. सालगड्याचं साल याच दिवशी ठरतं, नव्या वर्षाची मशागत इथूनच धरली जाते. सण करावा की अन्नत्याग, असं मला चारपाच जणांनी विचारलं. मला तर पाडव्याच्या रीतीतच उत्तर दिसतं. या दिवशी आपण गोडाला हात लावण्याआधी कडुलिंबाचा कोवळा पाला गुळासोबत खातो. कडू टाळत नाही आणि कडूवरच थांबतही नाही.

राहिला दुसरा भाग, त्या घरी जाण्याचा. तो रोजच्या ताटातूनच सुरू होतो असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं बायपासच्या धाब्यावर जेवायला गेलो होतो. शेवभाजी, भरीत, ज्वारीच्या भाकरी, जिरा राईस. पहिल्यांदाच सगळं मागवलं आणि बरंच उरलं. वाढणारा पोरगा ताटं उचलायला आला तेव्हा म्हणाला, "भाऊ, टाकू नोका. बांधून देतो, सकाळी खासान." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, माया होती. बिल १,४०० रुपये झालं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. आमचं एक जेवण सतरा किलो कापसाचं होतं, तेही हमीभाव पूर्ण हातात पडला तर. बोंडाची वाळकी टोकं बोटांत घुसत असताना ओंजळ ओंजळ वेचलेला सतरा किलो कापूस. हा हिशेब मी घरच्यांना सांगितला तेव्हा 'आता बाहेर जायचंच नाही' असं कुणी म्हणालं नाही आणि मलाही ते नको होतं. त्या पोराचंही पोट त्या धाब्यावर आहे. पण आता आम्ही लागेल तसं मागवतो आणि उरलेलं बांधून आणतो. बाजारात सांबाराच्या जुडीसाठी घासाघीस करायची मी सोडली आहे. या फार लहान गोष्टी आहेत. पण लहान गोष्टींतच आपण रोज राहतो.

बातमीच्या बाबतीतही ताटच साक्ष देतं. तूरडाळ महागली की ती पहिल्या पानाची वाईट बातमी होते. शेतकऱ्याच्या तुरीचा भाव पडला की ती आतल्या पानावर जाते आणि आपलं किराण्याचं बिल कमी झालं म्हणून आपण सुखावतो. वाईट बातमी कुणासाठी वाईट, हे एकदा स्वतःला विचारलं तरी आपण त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो.

आणि वाचन? मला तर ते त्या घरात बसणंच वाटतं. बातमी चार ओळींत दार लावून घेते, कादंबरी आत बोलावते. उद्धव शेळके यांची १९६० सालची 'धग' मी या दिवसांत पुन्हा हाती घेतली आहे. लेकरांच्या पोटासाठी झिजणारी कौतिक वऱ्हाडातल्याच एका घरात आहे आणि ते पुस्तक वाचताना तिच्या चुलीपासून आपल्याला उठता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला, अनेकांनी पाठ फिरवली. ते निमंत्रण मागं घेणं चूक होतं, असंच मी मानतो. पण शेवटी उद्घाटक म्हणून कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. पतीनं आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी, 'तेरवं' नाटकात भूमिका केलेली बाई. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण. ज्यांच्यावर आपण चार ओळी लिहितो, त्यांच्यातली एक त्या दिवशी स्वतः बोलली आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी ऐकलं. साहित्यानं याहून वेगळं काय करायचं असतं?

आईच्या गावात आणखी एक गोष्ट होती. सकाळी कुणाच्या घरातून धूर निघाला नाही, तर शेजारीण डोकावून यायची. माणूस जाण्याआधीची ती विचारपूस आज सगळ्यात जास्त हवी आहे. आपल्या ओळखीत कुणी गप्प झालं असेल, घराबाहेर पडेनासं झालं असेल, तर त्याच्याकडे चहाला जावं. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावून द्यावा.

गुरुवारी आमच्या दारी गुढी उभी राहील. कडुलिंब खाऊन आम्ही दिवसभर जेवणार नाही. हे ठरत असताना आईनं देवळीतला तो कागद काढला आणि विचारलं, "हे गाव किती दूर हाय?"

"असेल चाळीस किलोमीटर."

"मंग शुक्रवारी जाऊन येऊ."

मी घुटमळलो. ओळख ना पाळख, तीन आठवडे उलटलेले, कुठल्या तोंडानं जायचं? आई कागद घडी करत म्हणाली, "बेसन नेताना कोणी वळख इचारत नव्हतं."

शुक्रवारी आम्ही दोघं सकाळच्या बसनं जाणार आहोत. फोटो काढणार नाही, चौकशा करणार नाही. बसू म्हटलं तर बसू, नाही तर डबा देऊन परत येऊ. डब्यात बेसन-भाकर असेल.