शर्यतीची बातमी

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ऑगस्ट २०२२ मध्ये अविनाश साबळे पुरुषांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा आला. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोचला, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. १९९४ नंतर या शर्यतीचे एकही राष्ट्रकुल पदक केनियाबाहेर गेले नव्हते. त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या मांडव्यापासून मुंबईपर्यंत कौतुक झाले. पण हा मुलगा २०१८ मध्येच भुवनेश्वरला गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडून ८ मिनिटे २९.८० सेकंदांवर आला होता. तिथून स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत उतरला. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद! यातला प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याशी जोडून सांगितला असता, तर वाचक पुढच्या शर्यतीची वाट पाहत बसला असता. आपल्यापर्यंत मात्र बहुतेक वेळा चार ओळींची, मागचापुढचा संबंध नसलेली बातमी आली.

मराठी वाचकाला चुरस कळत नाही, असे कोणी म्हणू नये. कुस्तीची बातमी पाहा. पैलवान कोणत्या तालमीतला, वस्ताद कोण, मागच्या वेळी कोणत्या डावावर हरला, हे सगळे फडावर जोड लागण्याआधीच गावाला ठाऊक असते. ते वर्षानुवर्षे सांगणारे वार्ताहर आपल्याकडे झाले, म्हणून ठाऊक असते. धावपटूच्या वाट्याला असा वार्ताहर आला नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे. दुसऱ्या दिवशीच्या पानांवर हौशी धावणाऱ्यांचे रंगीबेरंगी वेश आणि सिनेमातले चेहरे मोठे असतात. भारतीय महिलांची शर्यत कोणत्या किलोमीटरला फुटली, हे शोधावे लागते. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर इथे २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिली आली. मग ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत दिसत होती. बेचाळीस किलोमीटरवरून तीन हजार मीटरवर येणे म्हणजे सराव, वेग, शरीर सगळे नव्याने घडवणे. तो निर्णय घेतला जात होता तेव्हाच त्याबद्दल लिहायला हवे होते.

आता आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे येऊ. पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याला धावणारी माणसे दिसतात, शहरांत अधूनमधून दौडी होतात. त्यांची बातमी ठरलेली. ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, झेंडा कोणी दाखवला, व्यासपीठावर कोण कोण होते, टी-शर्ट कोणी दिले. विजेत्यांची नावे शेवटच्या ओळीत, आणि वेळ तर नसतेच. आरोग्यासाठी शेकडो माणसे घराबाहेर पडतात, याचा मला आनंदच आहे. त्याची बातमी जरूर द्यावी. पण जिंकण्यासाठी वर्षभर पहाटे उठणारी सोळा वर्षांची मुलगी त्या गर्दीच्या छायाचित्रात हरवते. तिच्यासाठी वेगळी बातमी लागते.

यात दोष एकट्या वार्ताहराचा नाही. आयोजकाने मार्गच मोजलेला नसेल, तर वेळ छापून उपयोग काय? रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग मोजण्याची जगभर मान्य रीत आहे. सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावायचे, आधी ते नेमक्या मोजलेल्या अंतरावर तपासून घ्यायचे, मग धावपटू घेईल तशा सर्वांत जवळच्या रेषेने मार्ग मोजायचा. हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे अंतर कमी भरत नाही. एवढे केले की बदलापूरच्या दहा किलोमीटरची वेळ पुण्याच्या दहा किलोमीटरशेजारी ठेवता येते. यंदाची वेळ गेल्या वर्षीशी ताडता येते. शहराची स्वतःची विक्रमांची यादी उभी राहते, आणि यादी असली की ती मोडणाराही असतो. बातमी तिथे सुरू होते.

वेळ वाचकाच्या अंगवळणी पाडणे हे मात्र लिहिणाऱ्याचे काम. साबळेने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. नुसत्या आकड्याने काही हलत नाही. अंबरनाथ ते बदलापूर हे लोकलचे अंतर सुमारे आठ किलोमीटर. त्या वेगाने ते सुमारे २३ मिनिटांत धावून होते, आणि त्यानंतर न थांबता आणखी तेरा किलोमीटर उरतात. रोज या दोन स्थानकांमध्ये दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. वेळेइतकाच इतिहासही वाचकापर्यंत पोचवायला हवा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव भागातला फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला, एकोणिसावा आला. शंभर वर्षांचा हा वारसा शालेय मुलांना सांगणेही याच कामात येते.

म्हणून आयोजकांकडे माझी मागणी अगदी रोकडी आहे. शर्यतीच्या आठवडाभर आधी मुख्य गटातल्या धावपटूंची नावे, शाळा किंवा क्लब आणि त्यांची आजवरची सर्वोत्तम वेळ पत्रकारांकडे पोचवा. शर्यतीच्या दिवशी पाच किलोमीटरला कोण पुढे होते ते टिपायला एक माणूस उभा करा. दुपारपर्यंत पहिल्या दहांचा, मुलींचाही, निकाल वेळेसह द्या. स्थानिक वार्ताहराने त्यातल्या दोघातिघांच्या सरावाला वर्षातून एकदा तरी जावे, प्रशिक्षकाशी बोलावे, आणि हरलेल्यालाही विचारावे की पाय कुठे जड झाले.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार फलकांवर पैसे खर्च करतात, कारण फलकावरचा चेहरा लोक ओळखतात. धावणाऱ्या मुलीचे नाव, तिची वेळ, तिची पुढची शर्यत लोकांना माहीत झाली, तर तिच्या वर्षभराच्या बुटांचा, खुराकाचा आणि बाहेरगावच्या स्पर्धांच्या तिकिटांचा खर्च उचलायला यातलाच एखादा कारखानदार तयार होईल. आज त्याच्याकडे तिची शिफारस घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकाजवळ दाखवायला कात्रणसुद्धा नसते.